ईपीएबीएक्सपासून सर्व्हर बदलण्यापर्यंत, आमची वाटचाल

गोव्यात फोंड्याला सुरुवात केली तेव्हा काम एकच होतं, ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं आतलं टेलिफोन एक्स्चेंज, बसवायचं आणि तारा ओढायच्या. कुंडईच्या कारखान्यांची ऑफिसं, लॉज, एखादा दवाखाना. मग किनाऱ्यावरची हॉटेलं म्हणायला लागली की हाऊसकीपिंगची पोरं दिवसभर फिरतीवर असतात, त्यांच्या खिशात फोन पाहिजे, आणि आम्ही डेक्टच्या, म्हणजे इमारतीत घेऊन फिरता येणाऱ्या बिनतारी फोनच्या, कामात शिरलो. कागदावर रेंज आत साधारण 50 मीटर, उघड्यावर 300, पण जुन्या घराचं हॉटेल केलेलं असलं आणि चिऱ्याच्या दोन जाड भिंती मध्ये आल्या की बेस, म्हणजे या फोनना सिग्नल देणारे डबे, जवळजवळच लावावे लागतात.

सिप सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फोनचे कॉल जोडून देणारा कॉम्प्युटर, बदलायची कामं यायला लागली तेव्हा मात्र या धंद्याची खरी जबाबदारी कळली. लोकांना वाटतं आता सगळे हँडसेट परत जोडावे लागणार. तसं नाही ओ! हँडसेट जोडलेला असतो डेक्ट सिस्टीमशी, सर्व्हरकडे त्याचं रजिस्ट्रेशन (हा फोन इथे आहे अशी नोंद) करतो बेस, त्यामुळे नुसता सिप सर्व्हर बदलला तर हँडसेटला हात लावायला लागत नाही. डेक्ट मॅनेजरच, म्हणजे सगळे बेस आणि हँडसेट सांभाळणारा भागच, बदलला आणि जुना बॅकअप त्यावर चढला नाही, तर एकेक हँडसेट नव्याने जोडत (सबस्क्राईब करत) बसायचं.

आणखी एक, हँडसेटवर सिग्नलच्या काड्या फुल दिसतात त्या बेसच्या, सर्व्हरच्या नाही. रजिस्ट्रेशनची मुदत पुष्कळदा 3600 सेकंद असते, म्हणजे सर्व्हरचा पत्ता बदलला तरी फोन तासभर जुन्या सर्व्हरवरच राहू शकतो, इकडे रिसेप्शनचा फोन नव्यावर गेलेला, मग काड्या फुल आणि घंटी नाही. म्हणून बेसमध्ये सर्व्हरचा आकडी पत्ता (आयपी) न टाकता नावच टाकतो, डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणतो, रजिस्ट्रेशनची मुदतही कमी करतो, आणि दोन्ही सर्व्हर चालू ठेवून मध्ये ट्रंक, म्हणजे दोघांना जोडणारी लाईन, बांधतो, म्हणजे अर्धे फोन इकडे अर्धे तिकडे असले तरी एकमेकांना लागतात. ही ट्रंक वाचवून कोणी स्वस्तात काम करून देतो म्हणाला तर देऊ नका.

जुनी पेटी (जुना सर्व्हर) बंद करण्याआधी तिच्यावर आणखी काय काय चालतं तेही बघायला लागतं. कितीतरी ठिकाणी बेसना वेळ तीच देत असते. जूनमध्ये लाईट जाऊन आली, बेस रिस्टार्ट झाला, वेळ मिळाली नाही, तर त्याची तारीख कुठल्या कुठे जाते, टीएलएसचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र, त्याला मुदत असते) तो मानत नाही आणि रजिस्टरच होत नाही. बदल करून महिना झालेला असतो, कोणाला संशयही येत नाही.

हॉटेलांची कामं आम्ही पावसातच घेतो, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सीझनची तयारी लागते, मग सर्व्हरला हात नाही. हॉस्पिटलला सीझन नसतो. तिथे आधी ऑफिस, मग ओपीडी, मग एकेक वॉर्ड, आयसीयू सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक ठिकाणी ड्युटीवरच्या सिस्टरकडूनच कॉल लावून घेतो, येणारा, जाणारा आणि चालता चालता एका बेसवरून दुसऱ्यावर जाणारा.