कंगव्यासारखा काळा तुकडा

ओहोटीनंतर वाळूवर शिंपल्या-खड्यांची जी रेघ उरते, तिथून माझी सात वर्षांची लेक धावत आली. "आई, हाड सापडलं. डायनासोरचं." तिच्या तळहातावर जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची काळीभोर पट्टी होती. वरची बाजू गुळगुळीत, चकचकीत. खालच्या बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं खाचा. मला तो प्लास्टिकच्या कशाचा तरी तुकडा वाटला आणि "टाकून दे" असं ओठांवर आलंही होतं. तिचा चेहरा बघून थांबले.

घरी आल्यावर तुकडा साध्या पाण्यात बुडवून ठेवला आणि चार दिवस रोज पाणी बदललं. समुद्रातून आलेल्या वस्तूत मीठ मुरलेलं असतं. ती तशीच वाळली तर आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि वस्तूला तडे जातात, हे मी नुकतंच वाचलं होतं. व्हिनेगर मात्र लावू दिलं नाही. चुन्याचा दगड असेल तर त्यावर बुडबुडे येतात, हे खरं, पण त्यात वरचा थरही जातो. तापलेली सुई टोचून वास घ्यायची युक्ती काहींनी सुचवली. ताजं हाड असेल तर जळक्या केसांसारखा वास येतो म्हणे. लेकीची वस्तू जाळून बघायची माझी तयारी नव्हती.

वजन करण्यानं मात्र काहीच बिघडत नाही. बारीक वजनाच्या काट्यावर तुकडा 4.1 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला तुकडा पाण्यात लोंबता सोडला, तळाला टेकू दिला नाही. काट्यावर 1.5 आलं. हे तुकड्यानं व्यापलेल्या जागेइतक्या पाण्याचं वजन. म्हणजे तुकडा तेवढ्याच पाण्याच्या पावणेतीन पट जड. प्लास्टिक किंवा कोळसा इतका जड नसतो. लेकीनं हे दोन आकडे वहीत लिहिले आणि भागाकार करायला मला बसवलं.

मग दहापट भिंग. आतापर्यंत आम्ही रंग आणि आकार बघत होतो. भिंगाखाली रचना दिसली. वरचा चकचकीत थर वेगळा, खालचा खाचांचा भाग वेगळा, आणि दोघांमधली सीमा स्पष्ट. मोडलेल्या टोकाला बारीक छिद्रं होती. पाण्यानं झिजलेल्या दगडात असे दोन थर सहसा नसतात. हे कुणाच्या तरी शरीरात घडलं होतं, याची माझी खात्री झाली ती तिथे.

आठ फोटो काढले: शेजारी मोजपट्टी, दोन्ही बाजू, कडा, मोडलेलं टोक. खाचा उठून दिसाव्यात म्हणून प्रकाश एका बाजूनं. ते एका संग्रहालयाच्या भूशास्त्र विभागाला पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही प्रश्नानं सुरू होणारं: नेमका कुठे सापडला? कड्याच्या पायथ्याशी, की मोकळ्या वाळूत? मी जागा टिपून ठेवली नव्हती. त्याची मला आजही हळहळ वाटते. लेकीला मात्र आठवत होतं: ओढा वाळूत शिरतो त्याच्या थोडं अलीकडे, खड्यांच्या पट्ट्यात.

पुढच्या पत्रात ओळख होती. हाड नव्हे, दात. पाकटाच्या जातीतल्या माशाचा. या माशांचे दात लांबट पट्ट्यांसारखे असतात आणि फरशीसारखे एकमेकांना चिकटून बसतात. शिंपले भरडायला असं जातंच लागतं. गुळगुळीत बाजू चावायची, कंगव्याची बाजू मुळाची. पाकट आणि शार्क यांचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचिक कुरकुरीत पदार्थाचा, म्हणून तो सहसा टिकत नाही. मागे उरतात ते दात. रंग काळा झाला तो गाळातल्या खनिजांमुळे. काळा म्हणजे जास्त जुना, असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला.

"मग किती वर्षांचा?" लेकीचा पहिला प्रश्न. संग्रहालयानं वय लिहिलं नव्हतं. दात मूळ थरातून सुटून लाटांनी वाहून आणलेला, आणि असे मासे कोट्यवधी वर्षं आहेत, आजही आहेत. थराशिवाय वय सांगणं म्हणजे अंदाज. मला हे उत्तर फार आवडलं. ती मात्र हिरमुसली. मग मी तिला स्टेनोची गोष्ट सांगितली. खडकात सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांना लोक तेव्हा सापांच्या दगड झालेल्या जिभा म्हणत. 1666 साली इटलीत एका मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनो या शरीररचना अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञाकडे तपासायला आलं आणि ते दगड हुबेहूब शार्कच्या दातांसारखे आहेत, हे त्यानं दाखवून दिलं. "म्हणजे त्यालाही आधी दुसरंच काही सांगितलं होतं," ती म्हणाली.

पुढच्या ओहोटीला आम्ही ओढ्यापाशी परत गेलो. निघण्याआधी तिथले नियम पाहिले, कारण काही किनाऱ्यांवरून जीवाश्म उचलायला बंदी असते. कड्याला हात लावला नाही, त्याच्या खाली उभेही राहिलो नाही. दुसरा दात मिळाला नाही. लेकीनं खड्यांच्या पट्ट्याचा नकाशा काढला, ओढ्यापासूनची पावलं मोजून लिहिली आणि तो कागद घडी करून दाताच्या डबीत ठेवला.