म्हादईवर त्या दिवशी ऊन होतं

कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग शिकलेल्या गाईडला गोव्यातल्या म्हादईवर आणलं की त्याची पहिली सवय मोडावी लागते ती घड्याळाची. कुंडलिकेवर मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं, सकाळी ठरल्या वेळी सुटतं आणि राफ्टी त्या पाण्यावर निघतात. म्हादईला असं दार नाही. भीमगडच्या जंगलात देगावजवळ ती उगम पावते, गवाळी-कोंगळ्याकडचे ओढे पोटात घेते आणि कृष्णापूरनंतर गोव्यात, आमच्या सत्तरी तालुक्यात उतरते. वर जंगलात पडलेला पाऊस काही तासांनी आमच्यापाशी पोचतो. म्हणून इथं राफ्टिंग फक्त पावसाळ्यात, आणि नदी रोज नव्याने वाचायची.

जुलैचा रविवार होता. रात्री वाळपईत पावसाने उसंत घेतली होती आणि सकाळी चक्क ऊन पडलं. ज्या वाळपईत पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं जुलैत ऊन म्हणजे पाहुणे खूश. उस्त्याला खडकावर आम्ही रंगाच्या रेघा मारल्या आहेत. हिरव्या रेघेच्या वर चार बोटं पाणी, म्हणजे साधारण ग्रेड तीनचं, मध्यम अवघड. मनासारखं पाणी. दोन राफ्टी, आणि पडलेल्यांना उचलायला एक सेफ्टी कयाक, म्हणजे एकट्याची छोटी होडी. पहिली राफ्ट आणि ट्रिपची जबाबदारी माझी, दुसरीवर गावातलाच एक तरुण मुलगा, कयाकमध्ये नेपाळहून आलेले आमचे दाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ). पाहुणे पुण्याचे, एकाच कुटुंबातले. त्यांत चौदा वर्षांची एक मुलगी आणि पन्नाशीतल्या एक मावशी.

निघण्याआधीच्या सूचना लोक फोटो काढत ऐकतात, याचा मला खरोखर राग येतो. पाण्यात पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे, प्रवाहात उभं राहायचं नाही, नाहीतर पाऊल दगडात अडकतं. एवढं बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण समोर झाड आडवं आलं तर हे सगळं उलट करायचं असतं. पोटावर वळायचं, डोकं पुढे, झाडाच्या दिशेनेच जोरात पोहायचं आणि छातीच्या बळावर फांदीवर चढायचं. पाय पुढे ठेवून गेलात तर पाणी तुम्हाला फांद्यांखाली ओढतं. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला दाबत राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. याला आम्ही स्ट्रेनर म्हणतो आणि जंगलातल्या नदीत मला मोठ्या लाटेपेक्षा याचीच धास्ती जास्त. त्या दिवशी हे मला परत म्हणून दाखवलं ते फक्त त्या मुलीने.

पहिला टप्पा छान गेला. लाटांमध्ये राफ्टचं नाक वर जायचं, सगळे ओरडायचे, मी ‘फॉरवर्ड’ म्हटलं की वल्ही एकदम पडायची. मावशी पुढे डावीकडे बसल्या होत्या. त्यांचा टी-ग्रिपवरचा, म्हणजे वल्ह्याच्या टोकाच्या आडव्या मुठीवरचा, हात एकदाही सुटला नाही. सुटलेली टी-ग्रिप शेजाऱ्याचे दात पाडते, म्हणून मी त्या हाताकडे सतत बघत असतो. मधल्या संथ डोहात झाडं दोन्ही बाजूंनी पात्रावर झुकलेली, धनेशाची एक जोडी पंखांचा मोठा आवाज करत वरून गेली. म्हादई अभयारण्याचं हे जंगल पावसाळ्यात पाण्यातून बघावं, जीपमधून नव्हे.

त्याच डोहात मला पहिली खूण दिसली. पाण्यावर पालापाचोळा होता. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात तो असतोच, पण जुलैपर्यंत काठ धुऊन निघालेले असतात. नवा पाचोळा म्हणजे वर कुठेतरी पाणी नव्या उंचीला पोचलंय. मग रंग. सकाळी हिरवट असलेल्या पाण्यात चहाच्या रंगाचा एक पट्टा. खालच्या रॅपिडचा, म्हणजे दगडांतल्या खळाळत्या पाण्याचा, आवाजही भरड असायचा, तो जाडसर झाला होता. दगड बुडू लागले की असं होतं. काठावर गुरं घेऊन उभे असलेले एक काका ओरडून म्हणाले, “उदक बदल्लां रे!” मी वल्ह्याने काठाच्या दगडावर ओली खूण धरून ठेवली. आम्ही तिथं थांबलो तेवढ्यात ती खूण बुडाली.

पुढच्या वळणाआधी बाहेर पडायची शेवटची सोपी जागा आहे. त्यानंतर जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि बराच पल्ला रस्ता नदीपाशी येत नाही. नुसत्या खडकाळ नदीत पाणी वाढलं की खडक झाकले जातात, लाटा मोठ्या होतात, वेग वाढतो. गाईड ते सांभाळू शकतो. इथं पाणी वाढतं ते झाडांत शिरतं. पात्रातली शेरणीची झुडपं बुडतात, मग काठचे करंज कमरेपर्यंत पाण्यात जातात. आणि एडी, म्हणजे काठालगतचं उलटं, शांत पाणी, जिथं राफ्ट थांबवता येते आणि पडलेला माणूस वर काढता येतो, ती फांद्यांच्या आत सरकते. नदीला काठच राहत नाही. पडलेल्याकडे फेकायच्या दोरीची वीस मीटरची थ्रो बॅग घेऊन मी उभा कुठे राहणार?

मी दोन्ही राफ्टी काठाला लावल्या आणि ट्रिप तिथंच संपल्याचं सांगितलं.

मुलीच्या वडिलांनी आधी आभाळाकडे बघितलं. “दादा, ऊन पडलंय. पाणी कुठे वाढलंय?” मग पैशांचा विषय निघाला, मग रेटिंगचा. त्यांची चूक मी मानत नाही. बोटभर वाढलेलं पाणी नवख्या डोळ्याला दिसत नाही. राफ्टी उचलून आम्ही उंचावर एका जांभळाला बांधल्या आणि सगळ्यांना रानवाटेने बाहेर काढलं. ओल्या बुटांत जळवा, पाय घसरताहेत, मुलीचा हात मावशींच्या हातात. दाई सगळ्यात मागे, एक शब्द न बोलता. पैसे अर्धे परत गेले. कंपनीच्या मालकांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या रविवारच्या ट्रिपा दुसऱ्याच्या नावावर लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राफ्टी आणायला गेलो. आदल्या दिवशी जिथं उतरलो होतो ती जागा पाण्याखाली जाऊन परत वर आली होती. पूर ओसरताना झुडपांवर काटक्या आणि पाचोळ्याची रेघ सोडून जातो. ती रेघ माझ्या छातीपर्यंत होती. तरुण मुलगा म्हणाला, “बघा, तुम्ही बरोबर होता.” दाईंनी मान हलवली. ती रेघ उंची सांगते, वेळ सांगत नाही. पाणी तिथवर आम्ही त्या वळणात असताना पोचलं असतं, की आम्ही गाडीत बसून वाळपईला पोचल्यानंतर, की रात्री? दाईंच्या मते आमच्याकडे तासभर होता. पाण्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी कुणालाही सांगेन. नदीवर ते बोलले नाहीत, कारण नदीवर शब्द एकाचाच चालतो. ती शिस्त त्यांनी पाळली.

वर कुणी तासातासाला पाणी मोजून कळवलं असतं तर हा वाद उरलाच नसता. या नदीच्या पाण्यावर तीन राज्यं भांडली, 2018 साली लवादाने वाटप केलं: कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. वर्षाच्या पाण्याचा हिशेब दशांशापर्यंत झाला. मला हवा असतो पुढच्या दोन तासांचा, तोही बोटांत. भीमगडच्या आतल्या वाड्यांत फोन क्वचितच लागतो. कृष्णापूरकडच्या एका ओळखीच्या माणसाला मी सांगून ठेवलंय: पाणी चढलं की टेकडीवर जाऊन मला मिस्ड कॉल दे. सध्या आमची पूर्वसूचना यंत्रणा एवढीच.

दाईंनी मला एकदा विचारलं, पाहुणे नसते, रिकाम्या राफ्टी असत्या, तर आपण तिघं खाली गेलो असतो का? मी लगेच हो म्हणालो. “मग पाणी जाण्यासारखं होतं,” ते म्हणाले. मला ते पटत नाही. आपण जाऊ शकतो आणि चौदा वर्षांच्या मुलीला नेऊ शकतो, ही दोन वेगळी पाणी आहेत. त्यांचं म्हणणं, पाणी एकच असतं, गाईड वेगळा असतो. सीझन संपल्यावर ते नेपाळात त्रिशूली नदीवर गेले. परवा त्यांचा फोन आला, तेव्हाही दहा मिनिटांत आम्ही त्याच वळणावर होतो.