बोथट सुऱ्या आणि काळा दगड: माझा अनुभव

दिवाळीच्या आधी बोंडांसाठी, म्हणजे कोहळ्याच्या गोड भज्यांसाठी, कोहळे चिरत असताना आईच्या हातातली सुरी सालीवरून घसरली आणि तिच्या अंगठ्याला खोल कापले. बोथट पात्यावर जोर जास्त द्यावा लागतो आणि जोर जास्त दिला की पाते हवे तिकडे न जाता निसटते, हे मला त्या दिवशी नीट कळले. घरात एक पावशी (विळी), एक स्टेनलेसची सुरी आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहाराने घडवून दिलेली एक सुरी, अशी तीन पाती होती आणि तिन्ही तितकीच निकामी झाली होती.

पहिला मार्ग सायकलवरच्या धारवाल्याचा. तो आमच्या गावात पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीपूर्वी येतो, सायकल स्टँडवर चढवून पायडल मारतो आणि फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत मिनिटभरात पाते परत देतो. लोहाराने केलेली सुरी मी त्याच्याकडे दिली. धार लागली खरी, पण टोकाजवळ बोटभर जागा निळी पडली आणि आठवडाभरात नेमका तेवढाच भाग पुन्हा बोथट झाला. लोहाराला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "हे पातं जयलं (जळलं) भाऊ, याचं पानी उतरलं." कोरड्या चाकावर पातळ कड फार लवकर तापते, अशा साध्या पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला चढतो आणि तिथला कडकपणा कमी होतो. निळा भाग घासून जाईपर्यंत तिथे धार टिकणार नाही, हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले.

दुसरा मार्ग आठवडी बाजारातून आणलेल्या, खाचेतून सुरी ओढण्याच्या साधनाचा. स्टेनलेसची सुरी चार वेळा ओढताच टमाटे कापू लागली, म्हणून मी खूश झालो. मात्र खाचेखालच्या कागदावर लोखंडाचे बारीक कुरळे तुकडे पडलेले दिसले. ते साधन पाते घासत नव्हते, खरवडत होते. दोन महिन्यांत कड करवतीसारखी ओबडधोबड झाली. ज्यांना सुरी दोन वर्षांत फेकायचीच आहे, त्यांनी ते खुशाल वापरावे.

शेवटी तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा काळा दगड आणला. दुकानदार त्याला कुरुंदच म्हणतो. खरा कुरुंद, म्हणजे घासायला वापरतात ते कठीण खनिज, आमच्या विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात जमिनीत सापडतो. हा काळा दगड मात्र सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून केलेल्या कणांचा असतो. नाव काहीही असो, काम उत्तम करतो.

अडचण दगडाची नव्हती, कोनाची होती. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिले, पण हात हलला की कोन बदलायचा. मग सोपा हिशोब केला: माझ्या सुरीचे पाते ४ सेंटिमीटर रुंद आहे, तेव्हा २० अंशांसाठी तिची पाठ दगडापासून सुमारे १.४ सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा सुरुवातीला पाठीखाली धरून पाहायचा आणि मग काढून घ्यायचा. त्याशिवाय कडेला काळ्या मार्करची रेघ ओढली. दोन-चार वेळा घासल्यावर रेघ वरच्या बाजूला पुसली गेली आणि अगदी कडेला तशीच राहिली, तर पाते फार आडवे धरले आहे, हे लगेच दिसते.

दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, खाली ओले फडके घालायचे आणि खरखरीत बाजूने सुरुवात करायची. एकाच बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक मुरड येते. ती डोळ्यांना क्वचितच दिसते; पाठीकडून कडेकडे, म्हणजे धारेच्या बाहेरच्या दिशेने, अंगठा हलकेच नेला की तो किंचित अडतो. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे अंगठा अडेस्तोवर बाजू बदलायची नाही. मी पहिल्या तीन प्रयत्नांत दहा-दहा वेळा मोजून बाजू बदलत होतो, म्हणूनच धार लागत नव्हती. दोन्ही बाजूंना मुरड आल्यावर बारीक बाजूने अगदी हलक्या हाताने घासावे आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे, म्हणजे उरलेली मुरड निघून जाते. पहिल्या दिवशी एका सुरीला पाऊण तास लागला. आता दहा मिनिटे पुरतात. त्यातही महिनाभर नुसता पट्टाच पुरतो.

लोहाराच्या सुरीचा निळा भाग तीन बैठकांत घासून काढला. तिचे टोक थोडे आखूड झाले आहे, पण आई कोहळ्याला तीच सुरी घेते.

पावशीला मात्र ही पद्धत चालली नाही. तिचे पाते वाकडे आणि पाटाला जडवलेले, त्यामुळे ते दगडावर फिरवता येत नाही. दगडच हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो, आणि त्यात बोटे धारेच्या फार जवळ येतात. ती मी उन्हाळ्याच्या शेवटी वखराच्या पासेबरोबर लोहाराकडेच पाजवायला देतो.