पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश बघायचे तर सुरुवात अँव्हालिदपासून

पॅरिसची संग्रहालयं सरसकट बघायला गेलं की दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडतात आणि डोक्यात काहीच उरत नाही. म्हणून या खेपेला आम्ही एकच धागा धरला: एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांमधले फ्रेंच सैनिक आणि त्यांचे गणवेश. तुम्हीही असं फिरणार असाल तर क्रम महत्त्वाचा. आधी खरे कपडे बघा, चित्रं नंतर.

खरे कपडे अँव्हालिद या जुन्या लष्करी वास्तूतल्या संग्रहालयात आहेत. मेट्रो १३ नंबरची, स्टेशन व्हारेन. नाहीतर ८ नंबरने ला तूर-मोबूर. बहुतेक लोक घुमटाखालची नेपोलियनची कबर बघून, फोटो काढून बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका, अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या दालनांना वेळ द्या. नेपोलियनचा करडा ओव्हरकोट इथे काचेआड आहे. सम्राटाचा कोट म्हणून काही भरजरी बघायला मिळेल असं वाटत असेल तर निराशा होईल, इतका तो साधा.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती फोव्हो नावाच्या घोडेस्वाराच्या चिलखतापाशी. पितळेसारखं पिवळं, छातीवर घट्ट बसणारं चिलखत आणि त्यात तोफेच्या गोळ्याने पाडलेलं भलंमोठं भोक. गोळा पुढून शिरून पाठीतून बाहेर पडलेला. तारीख १८ जून १८१५, वॉटर्लू. समोरच्या सैन्याचा सेनापती वेलिंग्टन, म्हणजे १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच वेलस्ली. हे आठवलं आणि ते भोक एकदम जवळचं वाटायला लागलं.

तिथून ऑर्से संग्रहालय वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे, सेन नदीच्या काठाने चालत जा. मेसोनिए या चित्रकाराचं ‘१८१४ची फ्रान्स मोहीम’ (१८६४) इथे शोधा. शोधा म्हणते, कारण ते जेमतेम ५१ बाय ७६ सेंटीमीटरचं आहे, घाईत सहज सुटतं. पांढऱ्या घोड्यावर तोच करडा कोट, मागे थकलेले सेनापती, पायाखाली बर्फाचा राडा. मेसोनिएने त्या कोटाची हुबेहूब नक्कल शिंप्याकडून शिवून घेतली होती. सकाळी खरा कोट बघून आलेल्या माणसाला या चित्रातली मेहनत लगेच कळते.

त्याचा शिष्य देताय. याला गणवेशांचं वेडच होतं. त्याने जमवलेले गणवेश आणि शस्त्रं पुढे अँव्हालिदच्या संग्रहात गेली. ऑर्सेतलंच त्याचं ‘स्वप्न’ (१८८८) चांगलं तीन बाय चार मीटरचं आहे. खाली माळावर झोपलेले तरुण सैनिक, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बंदुकांची लांब रांग. वर ढगांत झेंडे घेऊन धावणारी जुन्या विजयांची सेना. १८७०च्या युद्धात प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतरचं चित्र आहे, त्यामुळे ढगांतला डौल समजू शकतो, पण मला तो भाग जरा भडक वाटला. खालचा अर्धा मात्र अप्रतिम! या सैनिकांची लाल विजार फ्रेंच पायदळाने १९१४च्या महायुद्धातही घातली. मशीनगनसमोर लाल विजार! फिकट निळा गणवेश आला तो १९१५ साली.

देतायनंतर लगेच एदुआर माने या चित्रकाराचा ‘बासरीवाला पोरगा’ (१८६६) बघा. लाल विजारीवर काळी पट्टी, पांढरा पट्टा, बासरी ठेवायची पितळी नळी, आणि मागे काहीही नाही, नुसता करडा रंग. त्या वर्षीच्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं होतं. बटणं मोजणाऱ्या चित्रकारांपेक्षा मानेचा गणवेश मला जास्त खरा वाटला.

लूव्र दुसऱ्या दिवशी, तेही फक्त झेरिको या चित्रकारासाठी. दनों विंगमध्ये ‘मेद्यूझाचा तराफा’ आहे, तिथेच त्याचे दोन घोडेस्वार आहेत. १८१२चा, बिबट्याच्या कातड्याच्या खोगिरावरून मागे वळणारा अधिकारी रंगवला तेव्हा झेरिको २१ वर्षांचा होता. १८१४चा दुसरा स्वार जखमी आहे. घोड्याचा लगाम धरून उतारावरून खाली येतोय. गणवेशाचा रुबाब तोच, पण माणूस खचलेला. मधल्या दोन वर्षांत नेपोलियनच्या फौजेचं रशियात सगळं संपलं होतं.

आता कामाचं. ऑर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी. ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सहानंतर गर्दी ओसरते, तेव्हाच जा. पॅरिस म्युझियम पास तिन्हीकडे चालतो, पण लूव्रसाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. चित्रं मधूनमधून उसनी जातात, दालनंही बंद असतात. निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्राचं पान उघडून ते लावलेलं आहे ना, ते बघून घ्या. अँव्हालिदच्या अंगणात फरशी ओबडधोबड आहे, बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर चांगले बूट घालायला सांगा.