रात्री ओली होणारी गादी : आमच्या घरात कामाला आलेला क्रम

पाच वर्षांच्या आतल्या मुलाची गादी रात्री ओली होत असेल तर औषध नको, उपचार नकोत. मेणकापड घालायचं आणि वाट पाहायची. पाच पूर्ण झाल्यावरसुद्धा शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना हा त्रास असतो, आणि पुढे दर वर्षी त्यांतल्या सुमारे १५ टक्के मुलांचा तो आपोआप थांबतो. मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतो. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात, दोघांना असेल तर ७० च्या वर. म्हणून आधी आजीला, आत्याला विचारून घ्यावं. घराण्यात कुणाचं कितव्या वर्षी थांबलं हे ऐकून मुलाचाच जीव भांड्यात पडतो.

आमच्याकडे सहा पूर्ण झाल्यावर हे काम हातात घेतलं. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहिते आहे, कारण क्रम चुकला की महिने वाया जातात. बहुतेक घरांत सुरुवात थेट रात्रीपासून होते: संध्याकाळनंतर पाणी बंद, अकराला झोपेतून उचलून मोरीत नेणं, सकाळी बोलणी. पण निम्म्याहून अधिक काम दिवसाचं आहे.

कारणं मुख्यतः तीन. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढवतं. काही मुलांत ते पुरेसं वाढत नाही. काहींचं मूत्राशय थोडं भरलं तरी आकुंचन पावतं. आणि तिसरं, मूत्राशय भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचते पण झोप मोडत नाही. या तिन्हींत आळस किंवा हट्ट कुठेच नाही, म्हणून शिक्षेचा उपयोग शून्य. उलट मूल ओली चड्डी लपवायला शिकतं आणि नोंद बिघडते.

डॉक्टरांकडे एकदा जायचंच. इंदूरमध्ये नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरतात. नाहीतर एमवायच्या (महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या) आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. लघवीची साधी तपासणी, पोट, पाठीचा खालचा भाग आणि चाल पाहणं, एवढं बहुतेकांना पुरे. सरसकट सोनोग्राफी लागत नाही. मात्र काही गोष्टी असतील तर थांबू नये: दिवसाही चड्डी ओली राहणं, लघवीला जळजळ, रक्त, बारीक किंवा तुटक धार, कंबरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, शौचाचे डाग. सहा महिने किंवा जास्त कोरं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर कारण शोधावंच लागतं: लघवीतला जंतुसंसर्ग, मलावरोध, नवं भावंड, शाळेतली भीती, कुणी दिलेला त्रास. त्यात तहान खूप वाढली असेल आणि वजन उतरत असेल तर त्याच दिवशी साखर तपासायची, टाइप १ मधुमेहाची सुरुवात अशी होते. रोज घोरणं आणि तोंड उघडं ठेवून झोपणं असेल तर अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) दाखवून घ्यावेत. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर जंतांचं औषध आधी.

यानंतर मोजमाप. हा भाग लोक गाळतात, आणि पुढचे सगळे निर्णय याच्यावरच असतात. सुट्टीचे दोन दिवस निवडायचे, मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जग घ्यायचा, आणि दर वेळची लघवी मापून वेळेसकट लिहायची. वयाप्रमाणे मूत्राशयात किती मावायला हवं त्याचा हिशोब सोपा आहे: वय गुणिले ३०, अधिक ३०. सहा वर्षांच्या मुलाचं २१० मिली. सकाळची पहिली सोडून दिवसातली सगळ्यात मोठी लघवी याच्या ६५ टक्क्यांहून, म्हणजे साधारण १३७ मिलीहून कमी भरली तर मूत्राशय लहान चालतंय असं धरायचं. रात्रीसाठी त्याच आठवड्यात काही दिवस डायपर घालायचं आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरं आणि सकाळचं वजन करायचं. कोरं ३० ग्रॅम, सकाळी २१० ग्रॅम, म्हणजे रात्रीत १८० मिली. त्यात उठल्यावरची पहिली लघवी, समजा १२० मिली, मिळवली की ३००. सहा वर्षांसाठी २७३ मिलीच्या वर, म्हणजे अपेक्षित क्षमतेच्या १३० टक्क्यांवर गेलं की रात्री लघवी जास्त तयार होते. हा कागद डॉक्टरांसमोर ठेवला की बोलणं मुद्द्याला येतं. (वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यातच द्यायचं, ओल्या-सुक्यात नाही.)

आता दिवसाचं काम, आणि त्याचं मूळ शाळेत आहे. मुलं सातला बसमध्ये बसतात, शाळेतलं स्वच्छतागृह आवडत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. दोनला घरी येतात ती भरलेली बाटली घेऊन. मग चार ते नऊ भरमसाट पाणी, खेळून आल्यावर शिकंजी, आणि झोपताना मोठा पेला दूध. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला १००० ते १४०० मिली द्रव लागतं. ते घटवायचं नाही, सरकवायचं: ४० टक्के दुपारी बारापर्यंत, ४० टक्के बारा ते पाच, उरलेलं २० टक्के पाचनंतर. १२०० चा हिशोब धरला तर ४८०, ४८०, २४०. शाळेतली ५०० ची बाटली रिकामी होऊन आली पाहिजे, म्हणून वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्यायची: मागितल्यावर लगेच जाऊ द्यावं, आणि मधल्या सुट्टीत एकदा आठवण करावी. वैशाखात इंदूर ४० च्या वर तापतं, तेव्हा एकूण पाणी वाढवायचं, पण वाढ सकाळ-दुपारच्या वाट्याला. चहा, कोला, चॉकलेटची पूड घातलेलं दूध संध्याकाळी बंद. दूध सकाळी पोह्यांबरोबर किंवा चारला.

इंदुरी घरात आणखी एक गोष्ट सांभाळायला लागते ती शेव. वरण-भातावर शेव, फरसाण, रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर. मिठाने तहान लागते, आणि ते मीठ बाहेर टाकायला रात्री लघवी जास्त होते. जेवण साडेसातपर्यंत, नमकीन पाचच्या आत. सराफा शनिवारी, आणि त्या रात्रीची नोंद वेगळ्या खुणेने.

लघवी दर दोन ते तीन तासांनी, दिवसात पाच ते सात वेळा. झोपताना दोनदा: एकदा दात घासण्याआधी, एकदा दिवा घालवताना. कमोडवर बसणाऱ्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. पायांखाली स्टूल हवंच.

मलावरोधाकडे तर आधीच लक्ष द्यायला हवं, कारण गुदाशय मूत्राशयाच्या मागेच असतं. भरलेलं गुदाशय मूत्राशयाला जागा देत नाही आणि त्याला चाळवतं. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौच, खडा होणं, किंवा अधूनमधून खूप मोठा मळ, यांपैकी काहीही असेल तर आधी ते निस्तरायचं. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, आणि डॉक्टर सांगतील ते रेचक. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्ट्युलोज बऱ्याचदा काही महिने द्यावं लागतं; पोट साफ झालं म्हणून आठवड्यात थांबवलं की पुन्हा खडा. काही मुलांची गादी एवढ्यानेच कोरी होते. तिळगुळाचे लाडू हा घरगुती उपाय सांगितला जातो; ते आजीने करावेत आणि मुलाने खावेत, खाणं चांगलं आहे, पण गादीवर त्यांचा परिणाम होतो याला आधार नाही. द्यायचे तर दुपारी.

गादीची रचना. कापसाची गादी असेल तर ती चारही बाजूंनी चेन लावलेल्या जलरोधक खोळीत घालायची, कारण रुई लघवी शोषते, गोळे धरते आणि धुता येत नाही. वर सुती चादर. तिच्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी काढली की खाली कोरी तयार, दिवे लावून घर जागवावं लागत नाही. आमच्यासारख्या नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागात चादर आधी अर्ध्या बादली गार पाण्यात पिळून काढायची, ते पाणी फेकायचं, मग बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये. गरम पाण्याने वास बसतो. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर वास जातो. ब्लीच वापरायचं नाही: लघवीतल्या अमोनियाशी त्याचा घातक वायू होतो. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, तेव्हा जोड जास्त ठेवावे. सकाळी कोमट पाण्याने अंग धुऊन मांड्यांना खोबरेल, नाहीतर पुरळ येतं. चादर बादलीत टाकण्याचं काम मुलाचं, शिक्षा म्हणून नाही, दप्तर आवरण्यासारखं. बक्षीस कोऱ्या गादीला नाही, कारण ती त्याच्या हातात नाही. पाणी वेळेवर प्यायला, झोपताना दोनदा जाऊन आला, यासाठी चांदणी.

एवढं दिवसाचं काम महिना-दोन महिने नीट झालं आणि तरी गादी ओली राहिली, तर पुढचे दोन रस्ते: ओलं लागताच वाजणारा अलार्म किंवा डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं औषध). रात्री लघवी जास्त असेल तर औषधाला प्रतिसाद चांगला. मूत्राशय लहान चालत असेल तर अलार्म. दोन्ही ठीक असतील तरी अलार्मच आधी, कारण त्याचा परिणाम टिकतो.

अलार्मचा सेन्सर चड्डीला लागतो, आवाजाचा भाग खांद्याजवळ. सेन्सर दोन चड्ड्यांच्या मध्ये लावायचा. उन्हाळ्यात नुसत्या घामानेही तो वाजतो, म्हणून पंखा किंवा कूलर हवा. पहिले काही आठवडे मूल उठतच नाही आणि अख्खं घर उठतं. इथेच बहुतेक लोक सोडतात. खरं म्हणजे त्या काळात मोठ्यांनीच उठवायचं असतं: अलार्म वाजल्याबरोबर मुलाला बसतं करायचं, नाव विचारायचं, उत्तर आलं की त्याने स्वतः उभं राहून अलार्म बंद करायचा, उरलेली लघवी मोरीत करायची, चड्डी बदलायची, सेन्सर पुसून पुन्हा लावायचा. झोपेतच उचलून नेलं तर मेंदू काही शिकत नाही. अकराला उचलून नेणंही म्हणूनच उपयोगाचं नाही. रोज लावायचा, खंड नको. प्रगती आधी डागात दिसते: सगळी चादर, मग ताटाएवढा, मग तळहाताएवढा. दोनदा वाजणारा एकदाच वाजतो, मग पहाटेकडे सरकतो. चार आठवड्यांत यांतलं काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांशी बोलायचं. दिसलं तर सलग १४ कोऱ्या रात्रींपर्यंत चालू. साधारण दोन ते चार महिने लागतात, आणि तीनपैकी दोन मुलांना गुण येतो.

डेस्मोप्रेसिनची गोळी ०.२ मिलिग्रॅम, झोपण्याआधी तासभर. पुरली नाही तर डॉक्टर ०.४ करतात. नियम एकच पण कडक: गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी नाही, तहान लागलीच तर घोटभर. जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, सुस्ती किंवा झटके दिसले तर लगेच रुग्णालय. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी गोळी नाही. दर तीन महिन्यांनी आठवडाभर थांबवून पाहायचं. गोळी बंद केल्यावर गादी पुन्हा ओली होणं नेहमीचं आहे.

मुंज, लग्नघर, अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीचा मुंबईचा प्रवास, यासाठी हीच गोळी सोयीची, पण आधी घरी काही रात्री देऊन डोस बसतो का ते पाहावं. गाडीत खालची बर्थ, अंगाखाली मेणकापड आणि दुपटं, अंगात डायपर, आणि बदलायचे कपडे हाताशी पिशवीत.

१४ कोऱ्या रात्री झाल्या की लगेच अलार्म काढायचा नाही. मूत्राशय जास्त भरलं तरी गादी कोरी राहते का हे पाहायला झोपताना थोडं जास्तीचं पाणी द्यायचं, अर्ध्या पेल्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत, आणि पुन्हा १४ रात्री पाहायच्या. यात एखादी रात्र ओली जाते, तेव्हा पाणी एक पायरी खाली आणायचं. नंतर कधी दोन आठवड्यांत दोनपेक्षा जास्त रात्री ओल्या गेल्या तर आधी शौच पाहायचं, मग शाळेची बाटली, आणि त्याच रात्री अलार्म परत लावायचा. दुसऱ्या खेपेला तो बहुधा लवकर काम करतो.