माकुलातला पांढरा धागा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हाडं आणि स्नायू मी व्यवस्थित पार केले. अडले ती नर्व्हस सिस्टिमपाशी. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या, मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31, त्यांची नावं आणि कामं घोकून झाली. पण नसेतून संदेश जातो म्हणजे नेमकं काय जातं, ते डोक्यात शिरेना. दहावीला मराठी माध्यमात 'आवेग' एवढा शब्द लिहून भागलं होतं. इथे अ‍ॅक्शन पोटेन्शिअलचा, म्हणजे नसेतल्या विजेच्या क्षणिक चढउताराचा, आलेख काढून तो समजावायचा होता. पहिल्या चाचणीत त्या प्रश्नाला मला एकही मार्क मिळाला नाही, आणि ते फार लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला घरी आले तेव्हा पुस्तक सोबत होतं. त्यात होतं, हॉजकिन आणि हक्सली या दोन शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये इंग्लंडात प्लिमथला स्क्विडच्या जाड अ‍ॅक्झॉनमध्ये, म्हणजे नसेच्या पेशीच्या लांब तंतूमध्ये, इलेक्ट्रोड घालून नसेतली वीज आतून मोजली. 1952 मध्ये तिचं गणित मांडलं आणि 1963 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. स्क्विड म्हणजे आपलं माकूल! आणि त्याच सकाळी आईने बाजारातून माकुलं आणली होती.

तिच्याकडून एक मागून घेतलं. कात्रीने उभं चिरलं, शाईची पिशवी जपून काढली, आतली घाण नळाखाली धुतली. आतल्या पांढऱ्या भिंतीवर, डोक्याच्या बाजूला, दोन्हीकडे चांदणीसारखी एकेक गाठ दिसली. तिच्यातून पांढरे धागे फाकलेले. सगळ्यांत जाड धागा मागे शेपटीकडे गेला होता. टाचणीने तो हळूच उचलला. आई मागून म्हणाली, "काय बघतंस गो त्याच्यात? तेल तापला." मी तिला हाताला धरून ती चांदणी दाखवली. इतकी वर्षं माकुलं साफ करतेय, पण ती तिने कधी पाहिली नव्हती.

त्या धाग्यातच तो जाड अ‍ॅक्झॉन असतो, भोवती बारीक तंतू. माकूल घाबरलं की त्याच्यातून निरोप जातो, सगळं अंग एकदम आवळतं आणि पाण्याच्या झोताने ते मागे निसटतं.

त्या दुपारी पडवीत बसून तोच आलेख पुन्हा काढला. स्वस्थ नसेच्या आत, बाहेरच्या तुलनेत, साधारण उणे 70 मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. नस चेतवली की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर उण्याची धन होते. मग ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो, नस पुन्हा पहिल्यासारखी. माझी चूक इथे होती. नळातल्या पाण्यासारखं काहीतरी नसेतून वाहत जातं असं मी धरून चालले होते. सोडियम तर जागच्या जागी आत येतो, आणि त्या बदलाने शेजारचं दार उघडतं.

मग मायलिनही सुटं राहिलं नाही. माकुलाने वेगासाठी अ‍ॅक्झॉन जाड केला. आपल्या नसांना जागा कमी, म्हणून त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण आणि मध्ये मध्ये उघड्या खाचा. पावसात व्हाळ ओलांडताना आपण दगडावरून दगडावर उडी टाकतो, तसा आवेग खाचेवरून खाचेवर जातो. सर्वांत वेगवान नसांत सेकंदाला 120 मीटरपर्यंत.

सोडियमचं दार कळल्यावर लहानपणापासून ऐकलेलं बरंच काही आपोआप जागेवर बसलं. जाळ्यात आलेला केंड मासा कोणी खात नाही, कारण त्याचं विष ही दारं बंद करतं. श्वासाचे स्नायू थांबतात, आणि त्याला उतारा नाही. तांबड्या विंचवाचं विष उलट करतं, उघडलेलं दार नीट मिटूच देत नाही. स्वायत्त नसा, म्हणजे घाम, हृदय, रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या नसा, थांबायचं नावच घेत नाहीत. आधी घाम, उलट्या, लाळ. मग रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरू लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी वापरून दाखवली. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल पडतात. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात किती घरांत माणसं त्या गोळीमुळे जिवंत आहेत! हे आमच्या अभ्यासात पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वार्षिक परीक्षेत मी पास झाले. दुसऱ्या वर्षी वॉर्डात रात्रपाळीला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आला. चिऱ्यांच्या ढिगात खेळताना विंचू चावला होता. अंग घामाने भिजलेलं, पावलं बर्फासारखी. डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं आणि रक्तदाब, नाडी, श्वास सारखे बघायला सांगितलं. मी दर खेपेला पावलांनाही हात लावून बघत होते. त्याची आजी म्हणाली, "बाय, पायाक कित्याक हात लावतंस?" मी तिला सांगितलं, नसा शांत झाल्या की पाय ऊब धरतात.

पहाटे पावलं कोमट लागली. आजीचा हात धरून तिलाही ती लावून बघायला दिली, मग चार्टवर वेळ लिहिली.