भरताचं वांगं आडवं मावेल तोच एअर फ्रायर

चंपाषष्ठीला घरात मोसमातलं पहिलं भरीत झालं. त्याच रात्री वहीचं नवं पान काढून वर लिहिलं, 'एअर फ्रायर घ्यायचा, पण आपल्या ताटातल्या पदार्थांवर पारखून.' त्याला आज सात आठवडे झाले. या काळात धुळ्याच्या ताईचा, समोरच्या काकूंचा आणि एका मित्राचा असे तीन फ्रायर आळीपाळीनं घरी आणून वापरले आणि चौथा परवा विकत घेतला. वहीतल्या नोंदी आता नीट लिहून काढतोय.

आम्ही अमळनेरला राहतो. घरात माय, बायको, दोन मुलं आणि मी. रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. एअर फ्रायरची तुलना शोधायला गेलं की जो तो फ्रेंच फ्राइज आणि नगेट्स करून दाखवतो. आमच्याकडे फ्रेंच फ्राइज वर्षातून दोनदा होत असतील. वरण-बट्टी मात्र महिन्यातून तीनदा, आणि थंडीत भरीत दर आठवड्याला. म्हणून परीक्षा याच दोन पदार्थांची घ्यायची हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

सुरुवात खोक्यांवरचे आकडे उतरवून केली. फिलिप्सचा डायलवाला एचडी ९२०० हा ४.१ लिटरचा आणि १४०० वॅटचा. इनाल्साचा फ्राय-लाइट ४ लिटर, १४०० वॅट. हॅवेल्सचा प्रोलाइफ डिजी ४ लिटर, १२३० वॅट. पिजनचा हेल्दीफ्राय ४.२ लिटर, १२०० वॅट. शाओमीचा ३.५ लिटर आणि १५०० वॅट, तो फोनवरूनही चालतो. इन्स्टंटचा व्होर्टेक्स ५.७ लिटर. यांपैकी बहुतेक फ्रायर २०० अंशांच्या आसपास थांबतात. एवढं सगळं लिहून झालं तरी यातला माझ्या कामाचा कुठला ते कळेना, कारण लिटर हे भांड्याचं माप असतं. आपल्याला लागतं ते टोपलीच्या तळाचं माप. खोल आणि अरुंद टोपली चार लिटरची असली तरी तिच्यात बट्टीचे आठच तुकडे सुटे बसतात. पसरट टोपलीत तेवढ्याच लिटरमध्ये बारा बसतात. तळाचं माप खोक्यावर कुणीच छापत नाही.

हे यंत्र मुळात करतं काय, तेही थोडक्यात सांगतो. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सनं एअरफ्रायर पहिल्यांदा लोकांसमोर आणला. ते तंत्र फ्रेड व्हान डेर वेइज या डच माणसाचं. वर तापणारी कॉइल, तिच्या वर पंखा आणि खाली जाळीची टोपली. गरम हवा वरून वेगानं खाली येते, जाळीतून फिरून पुन्हा वर जाते. म्हणजे नावात तळणं असलं तरी खरं काम भाजण्याचं आहे. तेल पदार्थाला चारी बाजूंनी चिकटून उष्णता देतं, तशी हवा देऊ शकत नाही. म्हणून जो पदार्थ आतून आधीच शिजलेला असतो आणि ज्याला फक्त वरचा खरपूसपणा हवा असतो, तो यात उत्तम होतो. आपली बट्टी नेमकी अशीच असते.

बट्टीचं पीठ नेहमीचंच घेतलं. जाडसर दळलेले गहू, चौथा हिस्सा मका, ओवा, जिरं, हळद, मीठ आणि तेलाचं सढळ मोहन. पोळीसारखं लाटून, तेल लावून, गुंडाळी करून वीस-पंचवीस मिनिटं वाफवलं. पूर्ण गार झाल्यावर कापलं. गरम असताना कापलं तर पदर दबतात आणि मग कुठल्याही फ्रायरमध्ये ती बट्टी फुलत नाही. एरवी हे तुकडे कढईत तळतो. इथे दोन चमचे तेल हातानं सगळ्या तुकड्यांना चोळलं, पदरांच्या फटींत मुद्दाम जास्त, आणि १८० वर लावलं.

फ्रायरच्या आत ठेवायला ओव्हनचा एक छोटा तापमापक आणला होता, त्याचा फार उपयोग झाला. तिन्ही फ्रायर १८० वर लावले. ताईच्या फ्रायरमध्ये काटा १६५ च्या पुढे गेला नाही. काकूंच्या फ्रायरमध्ये १८५ दाखवत होता. मित्राचा फ्रायर ओव्हनसारखा, काचेच्या दाराचा, १२ लिटरचा. त्यात वरच्या ट्रेवर १९० आणि खालच्या ट्रेवर १५५. त्यामुळे बट्टीला ताईकडच्या फ्रायरमध्ये १७ मिनिटं लागली, काकूंच्या फ्रायरमध्ये १२. ओव्हनवाल्यात वरचा ट्रे १४ मिनिटांत झाला, पण खालचा तेव्हा पांढराच होता. मध्येच ट्रेंची अदलाबदल करावी लागते, तेवढ्यात दारातून ताव निघून जातो. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकेकच नग पाहिला आहे, तेवढ्यावरून कुठल्या कंपनीला नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण आपल्या फ्रायरचं १८० म्हणजे खरं किती, हे ज्यानं त्यानं एकदा मोजून बघावं. कुणाची तरी वेळ बघून पदार्थ लावला आणि फसला, की दोष पिठाला दिला जातो.

काकूंच्या फ्रायरची बट्टी सर्वांत चांगली झाली. कडा लालसर, चावताना खुसखुशीत, आत मऊ. मायनं वरणात कुस्करून वर तूप घेतलं आणि म्हणाली, "बट्टी खुसखुशीत व्हयनी, पन तेलनी चव नही." तिचं म्हणणं खरं आहे. तळलेल्या बट्टीच्या पदरांत जे तेल मुरतं, त्याची चव दोन चमच्यांत येत नाही. पुढच्या खेपेला तेलाऐवजी पातळ केलेलं तूप चोळलं, तेव्हा तिनं काही न बोलता दुसऱ्यांदा घेतली. आता आमच्याकडे तीच पद्धत ठरली आहे.

भरताला जास्त दिवस लागले. आपलं भरताचं वांगं म्हणजे हिरवं, पांढरट रेघांचं, भरपूर गर आणि कमी बियांचं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदकडचं वांगं मिळालं तर अर्ध्या किलोचं एक सहज भरतं. शेतात ते पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजतात आणि लाकडाच्या बडगीत ठेचतात. त्याची बरोबरी विजेचं यंत्र करील अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. मला एवढंच बघायचं होतं, की गॅसच्या बर्नरवर वांगं फुटून जो पसारा होतो, त्याच्यापेक्षा हे बरं की नाही.

चार लिटरच्या गोल टोपलीत अर्ध्या किलोचं वांगं आडवं मावेचना. तिरपं बसवलं, तर वरचं टोक कॉइलच्या जवळ गेलं. वीस मिनिटांत ते टोक कोळसा झालं आणि देठाकडचा भाग टणक राहिला. दुसऱ्या वेळी उभं चिरून दोन फाका ठेवल्या. गर शिजला खरा, पण चिरलेल्या बाजूनं रस आटून वर कातडं आलं. भरताचा ओलसरपणा वांगं सालीच्या आत स्वतःच्या वाफेत शिजतं तेव्हाच येतो. त्यामुळे ते अख्खंच हवं. मित्राच्या ओव्हनवाल्यात ते आरामात झोपलं, पण ५० मिनिटं लागली.

अख्खं वांगं भाजताना काट्यानं आठ-दहा ठिकाणी टोचा आणि बोटभर तेल चोळा. न टोचता ठेवलं तर आतल्या वाफेनं फुटू शकतं. २०० वर ठेवून निम्म्या वेळी उलटायचं. साल एका ओढीत निघते, गर लोण्यासारखा होतो. राहतो तो धूर. त्यासाठी मी दोन पऱ्हाट्या अंगणात पेटवल्या, निखारे छोट्या वाटीत घेतले, ती वाटी गराच्या पातेल्यात ठेवून निखाऱ्यांवर तेलाचे चार थेंब सोडले आणि पाच मिनिटं झाकण घट्ट लावलं. कोळशाच्या धुंगारापेक्षा पऱ्हाटीचा वास फार ओळखीचा येतो. मग ठेचून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी.

बाकीच्या पदार्थांचं भराभर सांगतो. शेंगदाणे १६० वर ११ मिनिटं, दोनदा हलवून. कढईत उभं राहून भाजण्यापेक्षा हे सरस, सगळे दाणे एकसारखे होतात. काळ्या मसाल्याचा कांदा थोडं तेल लावून १८० वर २५ मिनिटं, खोबरं मात्र १५० वर पाचच मिनिटं, नाही तर कडू होतं. उडदाचा पापड सुटा ठेवला तर पंखा त्याला उचलून कॉइलला चिकटवतो, म्हणून वर तारेची जाळी ठेवायची. कुरडई यात फुलतच नाही, तिला उकळतं तेलच हवं. पातळ पिठाची भजी करायला जाऊ नका, पीठ जाळीतून गळतं. कच्च्या केळीचे वेफर्स १६० वर १५ मिनिटांत होतात, पण एका वेळी एका केळीचेच सुटे बसतात. रावेर-यावलकडच्या तळलेल्या वेफर्सची चव त्यांना नाही. लहान मुलांपुरते ठीक.

विजेबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. बिलाची भीती घालणारे बरेच भेटले. १४०० वॅटचा फ्रायर सलग अर्धा तास चालला तरी ०.७ युनिट जळतं, आणि मध्ये मध्ये कॉइल आपोआप बंद होते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. खरा प्रश्न व्होल्टेजचा आहे. आमच्याकडे संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर १४०० वॅटची कॉइल जेमतेम १०६० वॅट देते, कारण व्होल्टेज थोडं उतरलं तरी ताकद वर्गाच्या हिशेबानं उतरते. बाराशेवाल्या फ्रायरचे मग नऊशेच्या आसपास उरतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला कमी वॅटचा फ्रायर पुरेल, गावाकडे हातात थोडे जास्त वॅट असलेले बरे. १४०० वॅटला सहा अँपिअरच्या वर करंट जातो, तेव्हा स्वयंपाकघरातला जाड पिनचा १६ अँपिअरचा पॉइंटच वापरा. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

डायल की टच, यावर मी बराच घोळलो. डायलच्या टायमरला चावी असते, तो वीज गेली तरी टिकटिकत राहतो. दहा मिनिटं वीज गेली की घंटा वेळेवर वाजते आणि वांगं कच्चं असतं. टचवाला काकूंचा फ्रायर वीज आल्यावर सगळं विसरतो, पुन्हा लावावा लागतो. पण किती मिनिटं झाली होती ते वहीत लिहिलेलं असेल तर हे विसरणंच बरं, निदान फसगत होत नाही.

परवा जळगावला गेलो तेव्हा पिशवीत अर्ध्या किलोचं वांगं घेऊनच गेलो. दुकानदाराला सांगितलं, "दादा, मला टोपलीत हे ठेवून बघायचंय." त्यानं न कुरकुरता पाच खोकी उघडली. चारांत वांगं तिरपं झालं. इन्स्टंट व्होर्टेक्सच्या ५.७ लिटरच्या चौकोनी टोपलीत ते सपाट झोपलं आणि वर चार बोटं जागा उरली. ठरवलेल्या रकमेपेक्षा पैसे जास्त गेले. दोघांच्याच घराला मी हा घ्या म्हणणार नाही, त्यांना चार लिटरचा पुरेल आणि वांगी लहान निवडता येतील. पाच माणसांच्या बट्टीला मात्र लहान टोपलीत तीन घाणे करावे लागत होते, इथे दोनच पुरतील असं दिसतं.

नव्या फ्रायरची पहिली नोंद काल रात्रीची. आधी २०० वर दहा मिनिटं रिकामा चालवून नवेपणाचा वास घालवला. मग वांगं, ४८० ग्रॅम, २०० वर ३४ मिनिटं, १७ व्या मिनिटाला उलटलं. साल अख्खी निघाली, देठाजवळही गर मऊ. धुंगार दिला नव्हता. मायनं पहिला घास घेऊन विचारलं, "चव बरी शे, पन धूर कोठे शे?" मी उठून अंगणात पऱ्हाट्या पेटवायला गेलो.

रविवारी दोन वांगी एकदम ठेवून बघणार आहे. वेळ किती वाढते ते लिहीन.